कमानीचा भार

बसा.

खुर्ची असेल तर खुर्चीवर, बाक असेल तर बाकावर. रुग्णालयात कुणाची वाट पाहत असाल, तर आहात तिथेच. केसपेपर, औषधांची पिशवी, घरून आणलेला डबा, जे हातात असेल ते शेजारी ठेवा.

हात मोकळे होऊ द्या.

आत्ता काही करायचं नाही. एकच गोष्ट पाहायची आहे. एक दगडी कमान.

ही कमान पुणे स्टेशनाजवळ, ससून रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत आहे. तिथे कधी गेला असाल तर आठवा. गेला नसाल तर हळूहळू डोळ्यांपुढे येऊ द्या.

बाहेर रिक्षा आहेत. शहाळ्यांची गाडी आहे. स्टेशनावरची घोषणा अर्धी ऐकू येते, अर्धी हॉर्नच्या आवाजात बुडते. असू द्या. आवाजांना घालवायला जाऊ नका.

उन्हातून व्हरांड्यात या. एक पायरी. मग सावली.

इथे थांबा.

सावलीत आल्यावर डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही. घाई करू नका. डोळे सरावतील.

श्वास घ्या. सोडा.

आता कमानीकडे पाहा. खालून सुरुवात करा.

खांबाचा दगड काळसर आहे. या मुलखाचा दगड असाच असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थरावर थर साचला, थंड झाला, आणि त्याचा हा दगड झाला. मनातल्या मनात त्यावर तळहात ठेवा.

गार आहे.

कधीकाळी वितळून वाहत होता, आता गार आहे. तळहात तिथेच राहू द्या.

छिन्नीचे बारीक घाव हाताला लागतात. प्रत्येक घावामागे एक माणूस आहे. त्याचं नाव कुठेही नाही. त्याच्या हाताची लय मात्र दगडात आहे. घाव, थोडं अंतर, घाव, थोडं अंतर.

या लयीत एक श्वास घ्या.

नजर वर सरकू द्या. खांब संपतो आणि दगड किंचित आत झुकू लागतात. एक दगड झुकतो, त्याच्यावरचा अजून थोडा झुकतो. पलीकडच्या खांबावरूनही तसेच दगड झुकत येतात. वर, मधोमध, दोन्ही बाजू भेटतात. तिथे टोक आहे.

श्वास घेताना डाव्या बाजूने वर जा. टोकाशी थांबा. श्वास सोडताना उजव्या बाजूने खाली या.

पुन्हा एकदा. वर. थांबा. खाली.

आता फक्त टोकाकडे पाहा. तिथल्या दगडाला गवंडी कळीचा दगड म्हणतात. कमान बांधताना खाली लाकडाचा आधार लावलेला असतो. शेवटचा दगड घट्ट बसला की आधार काढतात. कमान केसभर खाली बसते. मग थांबते.

तेव्हापासून ती तशीच उभी आहे.

यातला प्रत्येक दगड पडू पाहतो. एकही दगड अधांतरी राहायला तयार नसतो, आणि प्रत्येकाच्या पडण्याच्या वाटेत शेजारचा असतो. याच व्हरांड्यात रात्री जागून थकलेले दोन नातेवाईक एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपतात, तसं हे आहे. एक उठला तर दुसरा कलंडेल. म्हणून दोघंही हलत नाहीत.

तुमच्या खांद्यांकडे लक्ष द्या. ते कानांकडे चढले असतील. त्यांना उतरू द्या.

भार आहे. तो नाही असं भासवायचं कारण नाही. कमानीवरही आहे. वरचा मजला, छप्पर, खाटा, खाटांवरची माणसं. हा भार दोन्ही बाजूंनी खाली जातो, खांबांतून पायात, पायातून जमिनीत.

तुमचाही जाऊ द्या. पाठीतून बाकात. तळपायातून फरशीत.

इथे जरा वेळ राहा.

१८६७ साली ही इमारत पुरी झाली, तेव्हा तिच्यात १४४ रुग्णांची सोय होती. पैसा दिला डेव्हिड ससून यांनी. बगदादहून मुंबईला येऊन स्थिरावलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या व्यापारात कापूस होता, अफूही होती. या कमानीखाली उभं राहून तेही आठवावं. दगडाने तो भारही घेतला आहे.

ससून १८६४ साली पुण्यातच वारले. ज्या रुग्णालयाला पैसा दिला ते पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही. कॅम्पातल्या लाल देवळाशेजारी, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगशेजारी, त्यांची कबर आहे. हे सिनेगॉगही १८६७ सालचंच. रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ, दोन्हींचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच माणसाचा.

एकाच हाताने प्रार्थनेची जागा आखली आणि दुखण्याचीही. दोन्हीकडे गॉथिक वळण, दोन्हीकडे टोकाला जाणाऱ्या कमानी.

हे वळण युरोपातल्या चर्चमधून आलं. टोकदार कमान नजरेला वर नेते, असं तिच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे, तुम्ही आत्ताच तिच्यासोबत वर जाऊन आलात. पण तिचं दुसरं काम अधिक शांत आहे. अर्धगोल कमान भाराला बाजूला बरंच ढकलते, टोकदार कमान कमी ढकलते. मग भिंतीला तेवढं जाड राहावं लागत नाही. तिच्यात उंच खिडकी काढता येते.

खिडकीतून उजेड येतो. एवढंच.

उजेडाकडे पाहा. कमानीतून आत आलेला उजेड फरशीवर पडला आहे. त्याच्या कडा मऊ आहेत. कुणी चालत गेलं की तो पायांवर चढतो आणि पुन्हा फरशीवर उतरतो.

मावशी बादली घेऊन जाते. उजेड ओला होतो.

पाहत राहा.

गालाला वारा लागतो आहे का? व्हरांड्याची सावली बाहेरच्या हवेला थोडं निववते, मग ती दारातून वॉर्डात जाते. समोरासमोर खिडक्या असतील तर एकीतून शिरते आणि दुसरीतून निघते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं रुग्णालयांच्या बांधणीवरचं पुस्तक १८५९ सालचं. उंच वॉर्ड, दोन्ही भिंतींना खिडक्या, खाटांमध्ये अंतर, हा त्यांचा आग्रह. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण इथल्या लष्करी बराकींतल्या कोंदट हवेची त्यांना वर्षानुवर्षं काळजी होती. रुग्णालयाने निदान रुग्णाला अपाय तरी करू नये, इतकी साधी त्यांची पहिली अट होती.

नाकाशी येणारी हवा जाणवू द्या. आत येताना गार. बाहेर जाताना किंचित कोमट.

आत. बाहेर.

खोलीलाही श्वास असतो. तो चालू आहे की नाही, हे रुग्णाला डॉक्टरांच्या आधी कळतं.

आता डोळे मिटा. अंधार येऊ द्या.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातला एक कैदी ससूनमध्ये आणलेला आहे. पोटात दुखतं आहे. अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत आहेत. बाहेर वादळ आहे. मध्येच वीज जाते.

हात थांबतात.

कुणीतरी कंदील आणतं. वाऱ्यात न विझणारा, काचेचा, दांडीचा कंदील. उरलेली शस्त्रक्रिया त्याच्या उजेडात पुरी होते.

कैदी मोहनदास करमचंद गांधी. फेब्रुवारीच्या ५ तारखेला सरकारने त्यांना बिनशर्त सोडलं. ती खोली ससूनमध्ये स्मारक म्हणून जपलेली आहे.

पण आत्ता इतिहासाकडे जाऊ नका. कंदिलापाशी थांबा. एका हाताने धरलेला उजेड. त्यात दिसतं तेवढंच दिसतं. उघडं पोट, दोन हात, टाका. बाकी सगळी इमारत अंधारात आहे, आणि अंधारातही तिच्या कमानी भार वाहत आहेत.

श्वास घ्या. सोडा.

डोळे उघडा.

याहून खूप जुनं एक घर पाहू. ते दगडाचं नाही, शब्दांचं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, रुग्णासाठी घर कसं बांधावं ते सांगितलं आहे. मजबूत असावं. थेट वारा अंगावर येऊ नये, पण एक बाजू हवेशीर असावी. आत मोकळेपणाने चालता यावं. उंच घराला खेटून नसावं. धूर, ऊन, धूळ, पाणी आत येऊ नये. नकोसे आवाज, नकोसे वास, नकोशी दृश्यंही येऊ नयेत.

पुढे उखळ आहे, मुसळ आहे, शौचाची आणि न्हाणाची जागा आहे, स्वयंपाकघर आहे.

त्याच्याही पुढे माणसं आहेत. गाणारी, वाजवणारी, गोष्टी सांगणारी. आणि लावा पक्षी, तित्तिर, ससे, हरणं. दुभती, निरोगी, वासराची गाय.

रुग्णाच्या घरात ससा.

या ओळीपाशी थोडं थांबा. औषधाच्या यादीत कुणाला तरी ससा लिहावासा वाटला.

मनात त्या घरात जाऊन बसा. उखळाचा आवाज येतो आहे. कुणीतरी गुणगुणतं आहे. ताज्या शेणाचा, दुधाचा वास. कुणी तुम्हाला काही विचारत नाही.

आणि आता अजून जवळ या. पेठेतल्या वाड्यात.

दिंडी दरवाजा वाकून ओलांडा. उंबरठा. मग अंधारी देवडी. मग एकदम चौक, आणि चौकावर आभाळ.

चौकाच्या कडेने ओसरी. ओसरीला लाकडी खांब. दोन खांबांच्या मध्ये महिरप. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात गेलात तर सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब दिसतील, वर केळफुलाची नक्षी. खांब झाडाचा आकार घेतो, महिरप फुलाच्या कडेचा. लाकूड आपलं जुनं रूप आठवत असतं.

खरं तर महिरप भार वाहत नाही. भार तिच्या वरच्या तुळईवर असतो. महिरप चौकट देते. समोर जे दिसतं त्याला ती थोडा मान देते. चौकातली तुळस. नळावर भरणारी कळशी. वाकून दात घासणारा म्हातारा.

आजारी माणसाची गादी बऱ्याचदा ओसरीवरच पडायची. खोलीत हवा कमी, ओसरीवर येणंजाणं दिसायचं. पडल्या पडल्या आभाळाचा चौकोन दिसायचा. त्यात घार फिरायची.

तो चौकोन पाहा. निळा. रिकामा. एक घार.

ती चौकोनाबाहेर जाते. थांबा. ती परत येते.

आता काचेचं दार आपोआप उघडू द्या.

आपण पुण्यातल्याच एका नव्या रुग्णालयात आलो आहोत. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. गार हवा एकदम अंगावर येते. फरशी इतकी चकचकीत की तिच्यात दिवे दिसतात. समोर गणपती. त्याच्यामागे पीओपीची महिरप, कडेने पिवळसर उजेड. दोन्ही बाजूंना गोल खांब, त्यांना संगमरवरासारखा दिसणारा मुलामा. वर चार मजले उंच मोकळी जागा, तिच्यावर काचेचं छप्पर.

नाक मुरडू नका. आधी पाहा.

खांब देवळाचा आहे. महिरप वाड्याची आहे. ही उंच मोकळी जागा म्हणजे चौकच आहे, फक्त आभाळापर्यंत काच लावलेली. कोपऱ्यात धन्वंतरी उभे आहेत. चार हात, एकात अमृताचा कलश, एकात जळू. येणाऱ्या माणसाला आपण ओळखीच्या जागी आलो असं वाटावं, म्हणून कुणीतरी हे सगळं मांडलं आहे. घाबरलेल्या डोळ्यांना त्याचा आधार होतोही.

काचेवर दोन साप गुंडाळलेली, पंखांची काठीही दिसेल. ती ग्रीकांच्या वैद्यदेवाची नव्हे. अस्क्लेपियसच्या काठीवर एकच साप असतो, पंख नसतात. दोन सापांची काठी हर्मिसची. तो देवांचा निरोप्या, आणि व्यापाऱ्यांचाही देव. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने १९०२ साली ती बिल्ल्यावर घेतली आणि मग ती सगळीकडे गेली. बिलाच्या खिडकीवर ती काही अगदीच चुकीची नाही.

हसू आलं तर येऊ द्या. श्वास जरा मोकळा होतो.

आता त्या पीओपीच्या महिरपीवर बोट वाजवा. हलकेच.

पोकळ आवाज येतो.

तिच्यावर भार नाही, आणि तिने मान द्यावा असं मागे काही दिसतही नाही. भिंत आहे. वाड्याची महिरप काढून घेतली तर चौक उघडा पडेल. ही काढून घेतली तर भिंत राहील.

तिला दोष द्यायचा नाही. नुसती नोंद घ्या. आवाज पोकळ आहे.

पुढे चला. लांब मार्गिका. दारं. एका दारापाशी चपलांचा ढीग. अतिदक्षता विभाग.

चपला काढा.

इथे कुणी कमान बांधलेली नाही. खांब नाहीत, नक्षी नाही. पत्र्याचं दार आहे आणि फरशीवर एक लाल पट्टी. तरी माणसं आपोआप हळू बोलतात. जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वराच्या लेण्यात उतरावं, उजेड मागे राहावा, खांबांच्या रांगा ओलांडाव्यात आणि आतल्या गाभाऱ्यापाशी पाय थांबावेत, तसेच पाय इथे थांबतात. लेणं आठव्या शतकातलं मानतात. पायांना हे तेव्हापासून माहीत आहे.

अनवाणी उभे राहा. फरशी गार आहे.

आत कुणीतरी आहे. तुम्ही बाहेर आहात. दोघांच्या मध्ये एक दार आहे.

इथे काही बोलायचं नाही.

श्वास.

श्वास.

आता एक अवघड गोष्ट. आडवे व्हा. मनातल्या मनात स्ट्रेचरवर.

मामा स्ट्रेचर ढकलतो आहे. चाक कुरकुरतं. वर ट्यूबलाइट येते आणि जाते. येते आणि जाते. चेहरे उलटे दिसतात, हनुवटीकडून. गणपती दिसत नाही. महिरप दिसत नाही. संगमरवरी खांबाचं वरचं टोक तेवढं जाताना दिसतं.

उभ्या माणसासाठी केलेलं सगळं आडव्या माणसाच्या नजरेतून निसटतं.

खोलीत या. खाटेवर या. वर पाहा.

फॉल्स सीलिंग. पांढरे चौकोन. प्रत्येकात बारीक भोकं. मधोमध दिवा, तो थेट डोळ्यांत. एका चौकोनावर पाणी झिरपल्याचा पिवळा डाग आहे. नजर पुन्हा पुन्हा त्या डागाकडेच जाते, कारण तेवढंच काहीतरी आहे.

या छताकडे पाहत राहा. लगेच उठू नका. रुग्णाला उठता येत नाही.

फिनलंडमध्ये पैमियो नावाच्या गावी क्षयरोग्यांसाठी बांधलेलं एक आरोग्यधाम आहे, १९३३ सालचं. आल्वार आल्तो या वास्तुकाराने ते आडव्या माणसाच्या जागेवरून आखलं. तिथे छताला डोळ्यांना निववणारा मंद हिरवा रंग दिला. दिवा पडलेल्या माणसाच्या नजरेत येणार नाही असा लावला. हात धुवायची भांडी अशी घडवली, की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडू नये.

कमान नाही, खांब नाही, कलश नाही. तरी चरकाच्या घराशी त्याचं नातं आहे. नकोसा आवाज येऊ नये, नकोसं दृश्य दिसू नये.

आता मान किंचित वळवा. खिडकीकडे.

खिडकीत काय आहे?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात नेमका हाच प्रश्न रॉजर उलरिच यांनी विचारला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले, आणि तीव्र वेदनाशामकं त्यांना कमी लागली.

झाडं.

तुमच्या खिडकीत वड असेल, पिंपळ असेल, पार्किंगच्या कडेचा एखादा धुळकट गुलमोहर असेल. एकच फांदी दिसत असेल. फांदीपाशी थांबा. पान हलतं. थांबतं. पुन्हा हलतं.

श्वास घ्या. सोडा.

फांदीही दिसत नसेल तर आभाळाचा तुकडा पाहा. तोही नसेल तर पडद्यावर पडलेला उजेड पाहा. सकाळी तो इथे असतो, दुपारी तिथे सरकतो. त्याच्याबरोबर दिवस काढता येतो.

हे मनन इथवर पुरे. उठलात की अंगात हळूहळू बळ येऊ द्या, लगेच चालू लागू नका.

आणि एक विनंती. रुग्णालय बांधणाऱ्यांनी महिरपीचं चित्र पक्कं करण्याआधी एकदा आपल्याच वॉर्डातल्या खाटेवर तासभर उताणं पडून पाहावं. तुम्ही-आम्ही बांधणारे नाही, भेटायला जाणारे आहोत. पुढच्या वेळी कुणाला भेटायला गेलात तर बिस्किटांचा पुडा ठेवल्यावर त्यांच्या उशीच्या उंचीला वाका आणि त्यांना तिथून काय दिसतं ते पाहा. दिवा डोळ्यांत येत असेल तर बंद करा. पडदा सारता येत असेल तर सारा. सलाईन, नळ्या सगळं सांभाळून खाट जराशी खिडकीकडे फिरवता येईल का, ते सिस्टरांना विचारा. खाटेला चाकं असतात.